खांद्याचे पाते आणि मानेचे दुखणे

शरीरशास्त्राचा धडा शिकविताना आम्ही वर्गात एक प्रयोग नेहमी करवून घेतो. मुलांना जोडीजोडीने उभे करावयाचे, एकाने दुसऱ्याच्या पाठीवर तळहात ठेवावयाचा आणि दुसऱ्याने आपला हात सावकाश डोक्यावर न्यावयाचा. तळहाताखाली एक त्रिकोणी हाड सरकते आणि बाहेरच्या बाजूस फिरते. मुले चकित होतात. हेच खांद्याचे पाते. पाठ्यपुस्तक त्यास अंसफलक म्हणते. आमच्या घरी जुनी माणसे खवाटा म्हणत.

या पात्याची रचना मोठी विलक्षण आहे. पाठीच्या बरगड्यांवर ते नुसते टेकलेले असते, हाडाने जोडलेले नसते. धडाशी त्याचा हाडाचा संबंध काय तो गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या टोकाशी. बाकी सारा कारभार सुमारे सतरा स्नायूंवर चालतो. हात सरळ वर गेला म्हणजे त्या १८० अंशांतील साधारण ६० अंश हे पाते फिरल्यामुळे मिळतात. आता या स्नायूंपैकी काही थेट मानेच्या मणक्यांपासून निघतात. एक तर कवटीच्या मागील बाजूसही बांधलेला आहे. त्यामुळे मान आखडली की पाते ओढले जाते, आणि पाते नीट बसले नाही की मान थकते. एकाच घरातल्या दोन जावांप्रमाणे त्यांची सुखदुःखे एकमेकींस लागतात.

पण पात्याजवळ दुखते म्हणून दोष पात्याचाच, असे समजण्यात चूक होते. राल्फ क्लोवर्ड या अमेरिकी शल्यवैद्यांनी इ. स. १९५९ साली दाखवून दिले की, मानेच्या मणक्यांमधील चकतीस चेतना दिली तर दुखणे पात्याच्या आतल्या कडेस जाणवते. हे आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी अंगावर भोगले. परीक्षेच्या दिवसांत वह्यांच्या थप्प्या खाली मान घालून तपासल्या आणि उजव्या पात्याच्या कडेस ठसठस सुरू झाली. बाम चोळला, शेक घेतला. पुढे नमाजच्या अखेरीस सलाम फेरताना मान उजवीकडे वळेना, तेव्हा एका स्नेह्याच्या सल्ल्याने केस कापावयास बसलो असता मानही 'मोडून' घेतली. कडकड आवाज झाला, क्षणभर मोकळे वाटले आणि रात्री मधल्या बोटापर्यंत मुंग्या आल्या. आम्ही थोडक्यात वाचलो म्हणावयाचे. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. असा झटका बसून त्यांचे अस्तर फाटले तर तरण्याताठ्या माणसासही पक्षाघात होऊ शकतो. शिकल्यासवरल्या माणसाने हे करावे याची आम्हांस अजून लाज वाटते.

डॉक्टरांनी तपासणी कशी केली ती सांगण्याजोगी आहे. आमचे डोके मागे व उजवीकडे कलवून त्यांनी वरून हलकेच दाबले, तसा हातातून करंट गेल्यासारखे झाले. मग उजवा हात डोक्यावर ठेवावयास लावला, तर कळ उतरली. हात उचलल्याने नसेवरचा ताण ढिला होतो, म्हणून हा आराम. कोपराजवळ लहान हातोडी मारून पाहिली, हाताने ढकलण्याचा जोर पाहिला आणि सांगितले की, मानेच्या सहाव्या व सातव्या मणक्यांमधून निघणारी नस दाबली जात आहे. एम.आर.आय. त्या दिवशी लिहून दिला नाही, याचे घरच्यांना नवल वाटले. वास्तविक ताकद शाबूत असेल आणि धोक्याचे लक्षण नसेल, तर अशी बहुतेक दुखणी काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपोआप उतरतात. आणि चाळिशीनंतर चित्रात झीज दिसतेच, मग ती दुखत असो वा नसो. थोडे दिवस वेदनाशामक गोळ्या, शेक आणि हळूहळू वाढवीत नेलेला व्यायाम, एवढ्यावर आमचे काम भागले. गळ्यातील पट्टा महिनोन् महिने घालणारे पुष्कळ दिसतात. त्याने स्नायू आणखीच दुबळे होतात.

मुका मार आणि मोड यांची गोष्ट निराळी. आमचे थोरले बंधू पावसात खानापूरच्या रस्त्यावर स्कूटरवरून पडले. पाठीत उजवीकडे दुखत होते, हात वर होईना. शेजाऱ्यांनी "खवाटा सरकला आहे" असे ठरविले आणि एका हाडवैद्याकडून तेल लावून चोळून घेतले. संध्याकाळी भाभींच्या ध्यानात आले की, यांना एक वाक्य पुरे बोलताना दम लागतो. भाभी हटून बसल्या, म्हणून रातोरात इस्पितळ गाठले. पाते मोडले होतेच, पण दोन बरगड्याही मोडून छातीत हवा साठली होती व फुप्फुस दबले होते. नळी घालून हवा काढली तेव्हा श्वास मोकळा झाला.

यातील कारण समजून घेतले पाहिजे. खांद्याचे पाते जाड स्नायूंच्या गादीत असते. एकूण अस्थिभंगांत शंभरात एकही पुरते त्याच्या वाट्याला येत नाही. ते मोडण्यास फार मोठा आघात लागतो आणि तो आघात पात्यावर थांबत नाही. म्हणून अपघातानंतर तेथे दुखत असेल तर प्रथम छाती, मग मान व डोके पाहावयाचे. साध्या एक्स-रेत ही मोड कधी कधी निसटते, सी.टी. स्कॅनमध्ये दिसते. उपचार मात्र बहुधा साधा असतो: हात झोळीत, आणि एकदोन आठवड्यांत डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हलकी हालचाल. सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळते. खांद्याच्या सांध्याची वाटीच फुटून सरकली असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

मानेच्या आघाताविषयी कॅनडातील डॉक्टरांनी इ. स. २००१ साली एक नियम प्रसिद्ध केला, तो घरच्या माणसांनाही कळेल असा आहे. वय ६५ किंवा अधिक असेल, पडणे तीन फुटांवरून अथवा पाच पायऱ्यांवरून झाले असेल, किंवा हातापायांस मुंग्या येत असतील, तर चित्र काढल्यावाचून मान हलवून पाहू नये. अशा माणसास बखोटीला धरून रिक्षात कोंबू नये. आहे तसे निजवून, डोके स्थिर धरून रुग्णवाहिकेची वाट पाहावी.

कधी पाते पाठीतून पंखासारखे बाहेर येते. भिंतीस दोन्ही तळहात लावून ढकलावयास सांगितले की ते स्पष्ट दिसते. छातीच्या कडेने जाणारी एक लांब नस दुखावल्याचा हा परिणाम. खांद्यावर जड ओझे वाहिल्यानेही तो होतो. बरे होण्यास महिने लागतात, क्वचित दोन वर्षेही. शाळेचे दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावे असे सरकारच्या २०२० च्या धोरणात आहे. आमच्या वर्गात वजनकाटा आणून आम्ही दप्तरे तोलली, तेव्हा या हिशेबात बसणारी थोडीच निघाली.

आणखी काही लक्षणे ओळखून ठेवावीत. मानदुखीबरोबर ताप येणे, वजन उतरणे, रात्री झोपेतून जागे करणारी कळ. सदऱ्याची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे. यांत एक दिवसही दवडू नये. चालताना किंवा जिना चढताना डाव्या पात्यात दुखून घाम सुटला तर ते हृदयाचे असू शकते. जड जेवणानंतर उजव्या पात्याखाली कळ आली तर पित्ताशयाचे खडे तपासावेत.

बंधूंचा हात आता डोक्याच्या वर जातो, कानास मात्र टेकत नाही. रोज सकाळी ते भिंतीकडे तोंड करून उभे राहतात आणि बोटांनी भिंत चढत जातात. ज्या दिवशी जेथवर पोहोचतात तेथे भाभी पेन्सिलीने खूण करून ठेवतात.