लेक म्हणते, फौजेत जायचंय!



७ मे २०२५ ला देशभर युद्धाची मॉक ड्रिल ठरली, त्या यादीत आपलं उरणसुद्धा होतं. त्याच दिवशी टीव्हीवर कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह यांनी ऑपरेशन सिंदूरची माहिती दिली. तेव्हापासून गटांच्या बैठकीत एक विषय निघतोच. मुलगी म्हणते, "मला आर्मीत जायचंय." आई म्हणते, "लढाईच्या दिवसांतच हिला हे सुचलं का?" काही ठिकाणी भरतीच्या अकॅडमीची फी भरायला गटाकडे कर्जही मागितलं जातंय. म्हणून या वेळचा अभ्यास याच विषयावर. जिवाला धोका आहे हे माहीत असूनही बाया फौजेत का जातात?

पहिलं कारण : अर्धं राहिलेलं काम

कोपरखैरणे-घणसोलीत साताऱ्याकडची माथाडी कुटुंबं खूप आहेत. त्यांना पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक आठवत असतील. नोव्हेंबर २०१५ मध्ये काश्मीरमध्ये कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना ते शहीद झाले. घरी दोन लहान मुलं. पत्नी स्वातीताईंनी त्या दुःखाच्या दिवसांतच ठरवलं की आपणही गणवेश घालायचा. वय जास्त होतं, त्यात सवलत मिळाली. परीक्षा दिली, चेन्नईच्या अकॅडमीत खडतर प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या.

पुढे २०२० मध्ये विरारच्या गौरी महाडिक आणि मीरा रोडच्या कनिका राणे याच वाटेने अधिकारी झाल्या. दोघींचे पती मेजर होते, दोघांनाही सेवेत असताना मरण आलं. नवरा गेला की बाईला समाज एका कोपऱ्यात बसवतो, हे आपण गावात बघतोच. या तिघी कोपऱ्यात बसल्या नाहीत.

दुसरं कारण : देश आणि स्वतःची मोकळीक

१९४३ मध्ये सिंगापूरला नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेत 'झाशीची राणी' रेजिमेंट उभी केली. प्रमुख होत्या डॉक्टर लक्ष्मी स्वामीनाथन. त्यात मलायातल्या रबराच्या मळ्यांत राबणाऱ्या घरांतल्या पुष्कळ मुली होत्या. यातल्या बऱ्याच जणींनी भारत कधी पाहिलाही नव्हता. देशासाठी लढायचं होतंच. पण मळ्यात जिला कुणी विचारत नव्हतं, तिच्या हातात रायफल आणि नावापुढे हुद्दा आला, हेही छोटं नाही.

तिसरं कारण : लढाईत दार उघडतं

दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, माणसं कमी पडली. म्हणून १९४२ मध्ये इंग्रज सरकारने भारतात महिलांचं सहायक दल काढलं. टायपिंग, टेलिफोन, गाडी चालवणं अशी कामं बायांनी केली आणि स्वतःचा पगार घेतला. युद्ध संपलं आणि ते दल बंद झालं. नर्स आणि डॉक्टर सोडल्या तर पुढची जवळजवळ ४५ वर्षं सैन्यात बायांना जागा नव्हती. १९९२ मध्ये दार पुन्हा उघडलं. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम सेवेचा हक्क दिला. २०२२ पासून पुण्याजवळ खडकवासल्याच्या एनडीएत मुली शिकतायत, आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली.

यातून एक गोष्ट समजून घ्या. गरज पडली की बाईला बोलावतात, गरज सरली की घरी पाठवतात. बचत गटातही आपण हे पाहिलंय ना? म्हणून नुसतं आत जाऊन भागत नाही, टिकायचा हक्कही लागतो.

चौथं कारण : पोट आणि मान

हे बोलायला आपण लाजतो, पण लाजू नका. पक्का पगार आणि गावात मान, यासाठी मुलगा फौजेत गेला तर आपण पेढे वाटतो. मुलीने तेच कारण सांगितलं तर ते हलकं कसं?

आता आईने तपासायच्या गोष्टी

टीव्ही बघून आलेला जोश महिनाभरात उतरू शकतो. पहाटे उठून धावायची सवय सहा महिने टिकली, तर मुलगी खरंच तयार आहे असं समजा.

अग्निवीर भरती चार वर्षांची असते. पहिल्या वर्षी हातात महिना साधारण २१ हजार रुपये येतात. चार वर्षांनी सेवा निधीचे साधारण ११.७१ लाख मिळतात, पेन्शन नाही. २५ टक्क्यांपर्यंतच जवान पुढे कायम होतात. भूदलात अग्निवीर मुलींना फक्त मिलिटरी पोलीसमध्ये घेतात. नौदल आणि हवाई दलातही मुलींना अर्ज करता येतो. मुलगी पदवीधर असेल तर अधिकारी होण्याच्या परीक्षाही आहेत. वय आणि उंचीची अट ताज्या जाहिरातीतच बघा.

आणि हे पाठ करा : पैसे देऊन फौजेत भरती होत नाही. "माझी ओळख आहे, दोन लाख द्या" म्हणणारा एजंट दारात आला तर एक रुपयाही देऊ नका, सरळ पोलिसांत कळवा. अकॅडमीच्या फीसाठी कर्ज द्यायचं असेल, तर पावती बघा आणि हप्ता कोण फेडणार ते ठरावात लिहा. भरती झाली नाही तरी हप्ता चालूच राहतो.

धोका खरा आहे, तो मुलीपासून लपवू नका. पण निर्णय तिचा असू द्या.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. वरच्या चार कारणांपैकी आपल्या मुलीचं कारण कोणतं? तिला विचारलंय का?
२. मुलाच्या भरतीसाठी आपण जे कर्ज मंजूर केलं असतं, ते मुलीसाठी करू का? नाही, तर का नाही?
३. चार वर्षांनी ती परत आली तर पुढे काय, याचा विचार घरात झालाय का?

उत्तरं इतिवृत्तात लिहा. पुढच्या भेटीत आपण त्यावर बोलू.

– तुमची क्षेत्र समन्वयक