नमुन्याच्या चोपडीआधी

सावेडी, अहिल्यानगर
वैशाख शुद्ध पंचमी

चि. बाळ यास,

संगमनेरच्या पतपेढीच्या दालनाचे काम तुला मिळाले आणि भिंती, कपाटे व रोखपालाचा काउंटर यांवर चिकटवावयाच्या व्हिनाइल फिल्मची निवड तुझ्यावर सोपविली गेली, हे वाचून आनंद झाला. परंतु शिसवी नसेपासून संगमरवरापर्यंत अकरा नमुन्यांचा तपशील देणाऱ्या तुझ्या पत्रात, हे नमुने ज्यावर बसावयाचे त्या पृष्ठभागाविषयी एक ओळही नाही, सबब हा मजकूर लिहावयास बसलो.

फिल्मचा पापुद्रा पाव मिलिमीटरहूनही पातळ. तो खालचा दोष झाकीत नाही, उलट चारचौघांत मिरवितो. विशेषतः चकचकीत फिल्म म्हणजे चुगलखोर शेजारीण: प्लायमधला एक खिळा वर राहिला, पुट्टीचा एक थेंब घासावयाचा राहिला, की तो दिवसभर चकाकत राहतो. म्हणून सुतार गेल्यावर रात्री दिवे मालवून विजेरी भिंतीला टेकव आणि तिचा झोत आडवा सोड. जेथे सावली पडेल तेथे पेन्सिलीने खूण करून पुन्हा पॉलिशपेपर फिरव. इतके करण्याची सवड कंत्राटदार देणार नसेल तर निमूटपणे मॅट नमुना घ्यावा; तो पुष्कळ क्षमाशील असतो. मात्र काळ्या मॅटवर घामाची बोटे उमटतात, आणि पतपेढीच्या काउंटरवर तर दिवसभर पासबुकांसह कोपरे टेकणार. तेव्हा तेथे मध्यम रंगाची, किंचित खरखरीत पोताची फिल्म बरी, आणि तिची कड वरच संपवू नये, फळीखाली वळवून न्यावी, नाहीतर रांगेत कंटाळलेली नखे ती महिन्याभरात उकरतील.

आता भिंतींविषयी ताकीद. येथील फराहबागेची वास्तू तू लहानपणी पाहिली आहेस. सलाबतखानाने ती 1583 मध्ये पुरी केली, आणि भोवतीच्या तळ्याचे पाणी आटून कैक पिढ्या लोटल्या तरी चुन्याचा गिलावा आजही तेथे हाताला लागतो, कारण चुना ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. व्हिनाइलला हा श्वास नाही. हे ज्ञान मला फुकट मिळालेले नाही: तुझ्या मुंजीच्या वर्षी पाथर्डीकडच्या आपल्या माळवदाच्या घरात, पाहुण्यांच्या दृष्टीस गळका कोपरा पडू नये म्हणून, मी स्वतः हट्टाने माजघराच्या भिंतीस व्हिनाइलचे आच्छादन लावविले. परतीचा पाऊस संपता संपता त्यास तळहाताएवढे फुगे आले. अंगठ्याने कड उचलली तेव्हा मागून पिठासारखा लोणा झडला आणि त्याबरोबर गिलाव्याचा पोपडाही हातात आला. गवंड्याने एक शब्दही न बोलता माझ्याकडे पाहिले, ती नजर अद्याप विसरलो नाही. ओल जिवंत असलेली भिंत कोणी कितीही बयाणा दिला तरी घेऊ नकोस. आधी ओलीचा बंदोबस्त, मग नमुना. कोरडी सिमेंटची भिंत चालेल, पण ती घासून, धूळ पुसून, प्रायमर देऊन.

रोलची रुंदी बहुधा 122 सेंमी असते, म्हणजे नेमकी आठ-बाय-चारच्या प्लायची. यास्तव सांधे कोठे पडतील याचा नकाशा कापणीपूर्वीच काढावा, एका भिंतीसाठी एकाच लॉटचा माल मागवावा आणि नस सर्वत्र एकाच दिशेने चालवावी. आमच्याकडच्या वैशाखात आणखी दोन विघ्ने आहेत. वावटळीची धूळ चकचकीत फिल्मखाली मोहरीसारखी उठून दिसते, म्हणून खिडक्या लावून, फरशीवर ओला पोछा फिरवूनच काम सुरू करावे. दुसरे, भर दुपारच्या उन्हाने फिल्म मऊ पडते. त्यात हीट गन लावून कोपऱ्यावर ती ताणून बसविण्याचा मोह होतो, पण ताणलेली फिल्म पुढे आकसते आणि कोपरा उघडा पडतो. काम सकाळी उरकावे.

राहिली आवड. माझा विचार जुना म्हणशील, पण संगमरवराचा नमुना दारावर मला रुचत नाही, कारण संगमरवराचे दार बिजागरीवर कोण टांगतो? ज्या वस्तूस जे काम खरोखर पेलले असते तिचेच सोंग तिला द्यावे: दारास सागाची नस, खांबास दगड, आणि रोखपालाच्या पाठीमागील भिंतीस कशाचेही सोंग नको, साधा एकरंगी करडा पुरे. त्या दालनातील जुन्या सागवानी चौकटींना मात्र फिल्म लावावयाची नाही. त्या तासून तेलपाणी केल्यास तुझ्या अकराही नमुन्यांना मागे टाकतील; मालक कुरकुरले तर माझे नाव सांग.

पुढल्या रविवारी इकडे ये. येताना शिसवी आणि करडा असे दोनच तुकडे घेऊन ये, आपण ते दारातल्या उजेडात आणि ट्यूबलाइटखाली असे दोनदा पाहू. माजघराच्या भिंतीवरून उतरलेले ते आच्छादन मी फडताळात ठेवले आहे. त्याची मागची बाजू तुला दाखवावयाची आहे.

तुझा,
काका