पाणी आधी, रोप नंतर
(विद्यार्थी आणि आपली बावखले : एक अभ्यास)

आपल्या धर्मग्रामातील साठी ओलांडलेल्या कोणालाही विचारून पाहा, "पोहायला कुठे शिकलात?" बहुतेकांचे उत्तर एकच येईल : बावखलात. कोणी केळीचा खांब छातीखाली घेऊन शिकला, कोणाला थोरल्या भावाने सरळ ढकलून दिले. हाच प्रश्न आज दहावीतल्या मुलाला विचारा. तो तरणतलावाचे नाव सांगेल, नाहीतर "येत नाही" म्हणेल. दोन पिढ्यांमध्ये हा फरक का पडला, याचा विचार आपण फारसा करत नाही. बावखले बुजली, उरली ती जलपर्णीने आणि डेब्रिजने भरली. मुलांना पोहायला जागा राहिली नाही, ही त्यातली सर्वांत लहान हानी आहे.

दर ५ जूनला शाळा-कॉलेजांची मुले उत्साहाने रोपे लावतात. फोटो निघतात, सरबत होते. पुढच्या जूनमध्ये पुष्कळदा तोच खड्डा पुन्हा खणला जातो. मुलांच्या उत्साहात खोट नसते, पण त्या उत्साहाला क्रम लावून द्यायचे काम आपण मोठ्यांनी केलेले नसते. पाणथळ जागा पुन्हा जिवंत करण्याचा क्रम कोणता, आणि त्यात विद्यार्थी काय करू शकतात, हे या लेखात समजून घेऊ या.

पाणथळ म्हणजे काय?

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर या गावी पाणथळ जागांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. म्हणूनच २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिवस मानला जातो. भारत या करारात १९८२ साली सामील झाला. करारातील व्याख्या फार व्यापक आहे. पाणी नैसर्गिक असो वा माणसाने साठवलेले, कायमचे असो वा हंगामी, वाहते असो वा साचलेले, गोडे असो वा खारे, ती जागा पाणथळच. त्या हिशेबाने आपली खाडी, खाजण, मिठागर, भातखाचर, ओढा आणि बावखल ही सारी पाणथळ कुटुंबातली भावंडे आहेत.

मात्र आपल्या देशाच्या २०१७ च्या पाणथळ नियमांतून भातशेती, मिठागरे आणि सिंचनासाठी मुद्दाम खोदलेले जलाशय वगळलेले आहेत. बावखल तर आपल्या पूर्वजांनी वाडी शिंपण्यासाठीच खोदले. तेव्हा कायदा येऊन बावखल वाचवील, अशा भरवशावर राहण्यात अर्थ नाही. ते वाचायचे तर गावानेच वाचवायला हवे.

बावखल विहिरीला काय देते?

आपण समुद्राच्या काठावर राहतो. जमिनीखाली एका बाजूने खारे पाणी आत येऊ पाहते. पावसाचे मुरलेले गोडे पाणी वजनाने हलके असते, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते आणि आपल्या भाराने त्याला खाली दाबून धरते. भूजलशास्त्राचा एक ढोबळ नियम आहे : समुद्रसपाटीच्या वर १ फूट गोडे पाणी असेल, तर त्याखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी टिकते. याचा उलटा अर्थही ध्यानात घ्यावा. वरचे पाणी १ फुटाने उतरले, तर खालून खारे पाणी बरेच वर सरकू शकते.

बावखल हे पाणी मुरवण्याचे भांडे आहे. पावसाळ्यात ते भरते, आजूबाजूच्या घरांत घुसणारे पाणी पोटात घेते आणि पुढचे काही महिने ते हळूहळू जमिनीला देत राहते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसईच्या चळवळीने टँकरने होणाऱ्या पाणी उपशाविरुद्ध आवाज उठवला, ते आपल्यातील अनेकांना आठवत असेल. उपसा थांबवणे ही एक बाजू झाली, मुरवणे ही दुसरी. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून रेल्वेगाड्या थांबल्या, तेव्हा पाण्याला थांबायला जागा ठेवली नाही तर ते कुठे जाते, हे आपण डोळ्यांनी पाहिले.

चौथीतल्या मुलांचा प्रश्न

"एवढे मोठे काम, त्यात मुले काय करणार?" असे कोणी म्हणेल. त्यासाठी एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. ती आपल्याकडची नाही, अमेरिकेतील कॅलिफोर्नियाची आहे. पण तिथेही प्रश्न पाण्याचा, खाजगी जमिनीचा आणि शाळेतल्या मुलांचाच होता.

१९९२ साली सॅन अँसेल्मो या गावातील ब्रुकसाइड शाळेत लॉरेट रॉजर्स नावाच्या शिक्षिका चौथीच्या वर्गाला नामशेष होत चाललेल्या प्राण्यांविषयी शिकवत होत्या. ते ऐकून एका मुलाने विचारले, मग आपण काय करू शकतो? बाईंनी प्रश्न टाळला नाही. मुलांनी आपल्याच भागातला एक जीव निवडला : गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी. लांबी जेमतेम दोन इंच. ती जगात फक्त कॅलिफोर्नियातील मरीन, सोनोमा आणि नापा या तीन परगण्यांच्या ओढ्यांत सापडते. १९८८ साली ती संकटग्रस्त म्हणून जाहीर झाली होती.

ही कोळंबी ओढ्याच्या काठावरून पाण्यात लोंबणाऱ्या मुळांच्या आणि फांद्यांच्या आडोशाला राहते. स्टेम्पल क्रीक नावाचा ओढा गुरांच्या कुरणांतून वाहत होता. गुरांच्या पायांनी काठ ढासळले होते, झुडपे गेली होती, आडोसा संपला होता. मुले गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर काम करू लागली. ओढ्याला कुंपण घालून गुरे काठापासून दूर ठेवण्यात आली आणि मुलांनी काठावर तिथल्याच जातीच्या वाळुंजासारख्या झाडांच्या फांद्या रोवल्या. एका वर्गाचा उपक्रम पुढे अनेक शाळांमध्ये पसरला. 'स्ट्रॉ' या नावाने तो आजही ओळखला जातो आणि 'पॉइंट ब्लू' ही संस्था तो चालवते. त्यात हजारो विद्यार्थ्यांनी ओढ्यांच्या आणि खाजणांच्या काठी देशी झाडे लावली आहेत.

या गोष्टीतून तीन धडे घेण्यासारखे आहेत. पहिला, मुलांनी जगभराची चिंता न करता आपल्या जवळचा एक ओढा आणि एक जीव निवडला. दुसरा, जमीनमालकाला शत्रू न मानता सोबती केले. तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा : आधी बिघाडाचे कारण दूर केले, मग रोपे लावली. गुरे आवरली नसती तर लावलेली रोपे त्याच वर्षी तुडवली गेली असती.

आपल्या बावखलाचा क्रम

हाच क्रम आपल्याकडे कसा लावता येईल?

१. परवानगी : बहुतेक बावखले खाजगी, अनेक कुटुंबांच्या समाईक मालकीची आहेत. कुदळ मारण्याआधी सर्व हिस्सेदारांना भेटावे. मुले घरी येऊन नम्रपणे विचारतात, तेव्हा जुने अबोलेही कधी कधी सैल होतात.

२. नोंद : एक वही घ्यावी. पाणी कुठून येते, कुठून जाते, कोणत्या महिन्यात किती उरते, काठावर काय उगवते, कोणते पक्षी दिसतात, हे लिहावे. आजी-आजोबांना सोबत न्यावे. कोणत्या झाडाला आपल्या बोलीत काय म्हणतात, हे त्यांनाच ठाऊक आहे आणि ते पुस्तकात मिळणार नाही.

३. कारण दूर करणे : पाणी येण्याची वाट डेब्रिजने बंद झाली आहे का? सांडपाणी सोडले आहे का? जलपर्णी पसरली आहे का? दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती अनुकूल परिस्थितीत दोन आठवड्यांत दुप्पट होते. ती फुलावर येण्याआधी काढावी, कारण तिचे बी चिखलात अनेक वर्षे टिकते. काढलेली जलपर्णी काठावर ढीग करून ठेवली, तर पहिल्याच पावसात ती पुन्हा पाण्यात जाते. दूर खड्ड्यात तिचे खत करावे. सांडपाणी चालू असेल तोवर जलपर्णी येतच राहील, हे मुलांनी आणि पालकांनीही समजून घ्यावे.

४. गाळ : एप्रिल-मे मध्ये पाणी सर्वांत कमी असते आणि परीक्षाही संपलेल्या असतात. तेव्हा गाळ काढावा, पण बेताने. यंत्राने सरळ खोल खणले, तर उथळ काठ नाहीसा होतो आणि खारे पाणीही वर येऊ शकते. सुशोभीकरणाच्या नावाखाली चारही बाजूंनी सिमेंटची भिंत बांधणे तर अगदी टाळावे. भिंतीला बेडूक चढत नाही, आणि पाणीही बाजूने मुरत नाही.

५. रोपे : आता कुठे रोपांची पाळी येते. पाणथळीची झाडे तीन पट्ट्यांत लावावीत. पाण्यात कुमुद. उथळ चिखलात लव्हाळा, जलब्राह्मी, तालीमखाना. काठावर आणि त्यामागे उंबर, जांभूळ, करंज, तामण, निवर. पाणकणीस आपलेच आहे, पण ते फार पसरते. म्हणून एका कोपऱ्यात राहू द्यावे आणि दरवर्षी आवरावे.

देशीच का?

सुबाभूळ, ग्लिरिसिडिया, ऑस्ट्रेलियन अकेशिया लवकर वाढतात, मग ती का लावू नयेत? कारण झाड एकटे येत नाही, त्याचा गोतावळा त्याच्यासोबत असतो. उंबराचे फळ वटवाघूळ खाते, बुलबुल खातो, आणि पाण्यात पडले तर मासा खातो. करंजाच्या पानावर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. लव्हाळ्याच्या देठावर चढून चतुराची अळी कात टाकते आणि उडून जाते. परक्या झाडाशी आपल्याकडच्या जीवांची अशी जुनी ओळख बहुधा नसते. सावली मिळते, पण पंगत बसत नाही.

डासांची भीती बरेच जण बोलून दाखवतात आणि ती अगदीच खोटी नाही. पण डास होतात ते कुजलेल्या, जीव नसलेल्या पाण्यात आणि टाकून दिलेल्या डबड्यांत. बावखलात मासे, बेडूक, चतुर आणि टाचण्यांच्या अळ्या असतील, तर त्या डासांच्या अळ्या खातात. म्हणून बावखल बुजवणे हा डासांवरचा उपाय नव्हे. ते जिवंत ठेवणे हाच उपाय आहे.

रोपवाटिकेसाठी पैसे लागत नाहीत. मे महिन्यात करंजाच्या शेंगा गोळा कराव्यात. जून महिन्यात जांभळे खाऊन बिया फेकू नयेत. त्या काही दिवसांतच निकामी होतात, म्हणून लगेच मातीत लावाव्यात. दुधाची रिकामी पिशवी किंवा नारळाची करवंटी पुरते. लव्हाळा आणि ब्राह्मी शेजारच्या बावखलातून मूठभर आणली तरी पुरे. रोपे पहिला पाऊस स्थिरावल्यावर, जूनअखेरीस लावावीत.

६. तीन वर्षे : हा शेवटचा टप्पा आणि खरी परीक्षा. सप्टेंबरमध्ये तण काढणे, फेब्रुवारी ते मे पाणी घालणे, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरे लावणे. दहावीचा विद्यार्थी पुढे बाहेरगावी जाणार, हे गृहीत धरून आठवीतला एक आणि नववीतला एक त्याच्या जोडीला द्यावा. मग वही पुढच्या हातात जाते आणि काम थांबत नाही.

खाडीकाठी जपून

काही उत्साही मुले खाडीवर जाऊन तिवर लावू इच्छितात. इथे सावध राहावे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांमुळे कांदळवनांना संरक्षण आहे. तिथे वन विभागाच्या कांदळवन कक्षाला विचारल्याशिवाय काही करू नये. शिवाय ओहोटीला उघडा पडणारा चिखल ओसाड नसतो. हिवाळ्यात दुरून येणारे पक्षी तिथेच पोट भरतात. त्या चिखलावर तिवरे लावली, तर पक्ष्यांचे ताट हिसकावल्यासारखे होते. तिवर तोडली गेली असेल तिथे भरतीचे पाणी पुन्हा खेळू लागले, तर ती बहुधा आपोआप रुजते. इथेही पाणी आधी, रोप नंतर.

पालकांसाठी एक सूचना. मुलांनी पोहता येणाऱ्या मोठ्या माणसाशिवाय पाण्यात उतरू नये. पायांत गमबूट असावेत. पायाला जखम असेल, तर पावसाळ्यात चिखलात जाऊ देऊ नये. लेप्टोचा धोका असतो.

समाईक

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपले समाईक घर म्हटले. 'समाईक' हा शब्द आपल्याला सातबाऱ्यावरून चांगला परिचयाचा आहे. समाईक जमीन म्हटली की आपण आपला हिस्सा किती, हे आधी पाहतो. बावखलाच्या बाबतीत हिशेब वेगळा आहे. ते एकाने बुजवले, तर शेजारच्या दहा विहिरींना त्याचा फटका बसतो. एकाने जगवले, तर त्या दहा विहिरींना लाभ होतो. मुलांना हे शिकवायचे असेल, तर आधी त्यांना काठावर घेऊन जावे लागेल.

विचारासाठी

१. आपल्या आळीत तुमच्या लहानपणी किती बावखले होती? आज किती आहेत? त्यांची नावे मुलांना सांगितली आहेत का?
२. आपल्या घरचे सांडपाणी कुठे जाते, हे शेवटचे कधी पाहिले?
३. या मे महिन्यात आपल्या घरातून करंजाच्या किंवा जांभळाच्या दहा बिया कोण रुजवणार?