विमान डुलतंय? आधी हात सोडा!

होस्टेलमध्ये रात्री दहानंतर एखाद्या रूममधून "वर घे, वर घे... गेलं!" असा ओरडा ऐकू आला, की समजावं, कुणीतरी कॉम्प्युटरवर विमान पाडलं.

सिम्युलेटरमधलं विमान नाक वर-खाली करत डुलायला लागलं की आपला उपाय ठरलेला. फाईल उघडायची आणि 'पिच स्टॅबिलिटी'चा आकडा 1 चा 3 करायचा. मीही तेच केलं. विमान एकदम शहाण्यासारखं उडायला लागलं. पण लँडिंगला नाक काही वेळेवर उचलेना आणि विमान धावपट्टीवर आपटलं. मागाहून कळलं, दोष जुन्या जॉयस्टिकमध्ये होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! तेव्हा औषधाआधी निदान करू.

त्यासाठी एक सोपी टेस्ट आहे. वारा शून्य ठेवा, ऑटोपायलट बंद करा. सेसना 172 घ्या आणि सुमारे 100 नॉटवर, हात न लावता सरळ उडेल असं ट्रिम करा. मग स्टिक थोडी ओढा, सोडून द्या आणि नुसतं बघत बसा. पुढीलपैकी काहीतरी एक दिसेल.

1) विमान सावकाश वर जातं, खाली येतं आणि प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा लहान होत जातो. याला 'फुगॉइड' म्हणतात. हा आजार नाही, विमानाचा स्वभाव आहे. एका हेलकाव्याचा काळ सेकंदांत साधारण 0.45 गुणिले वेग (मीटर प्रति सेकंद). 100 नॉट म्हणजे सुमारे 51, म्हणून काळ 23 सेकंदांच्या आसपास. एवढा आला तर फाईलला हातही लावू नका.

2) हात न लावताही नाक बारीक थरथरतं. इथे संशय जॉयस्टिकच्या पोटेन्शिओमीटरवर. कॅलिब्रेशन स्क्रीनवर आकडे आपोआप उड्या मारतात का बघा. पुन्हा कॅलिब्रेट करा, डेड झोन थोडा वाढवा.

3) नाक एकदा वर गेलं की वरच जातं, परत येतच नाही. इथे गुरुत्वमध्य मागे गेलेला आहे. एक कागदी विमान करा. यू-पिन नाकाला लावून उडवा, मग शेपटीला लावून उडवा. सगळा धडा गॅलरीतच समजेल! गुरुत्वमध्य न्यूट्रल पॉइंटच्या पुढे हवा. या दोघांतलं अंतर भागिले पंखाची सरासरी रुंदी, म्हणजे 'स्टॅटिक मार्जिन'. रुंदी 1.5 मीटर आणि अंतर 15 सेंटीमीटर असेल तर मार्जिन 10 टक्के.

आधी मेनूमधलं इंधन आणि मागचं सामान तपासा. तरीही फरक पडला नाही तरच फाईल उघडा. इथे एक खड्डा आहे. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सिम्युलेटरमध्ये पुढची दिशा अधिक चिन्हाची. फ्लाइटगिअरमधल्या जेएसबीसिमच्या फाईलमध्ये मात्र आकडा शेपटीकडे वाढतो. चिन्ह चुकलं की उपायाचाच अपाय. आणि 'पिच स्टॅबिलिटी' हा आकडा डॅम्पिंगचा गुणक आहे. त्याने हालचाल मंदावते, पण मागे गेलेला गुरुत्वमध्य पुढे येत नाही.

4) हात सोडला की विमान शांत आणि स्टिक धरली की डुलतं. मग दोष आपल्यात आणि उशिरात. सेकंदाला 10 फ्रेम म्हणजे दोन चित्रांमध्ये 100 मिलिसेकंद. आपण जुनं चित्र बघून स्टिक ओढतो, तोवर विमान पुढे गेलेलं असतं. मग आपण उलटं ढकलतो आणि झोका वाढत जातो. ढग, इमारती, सावल्या कमी करा, फ्रेम रेट वाढवा आणि हात हलका ठेवा. यात हसण्यासारखं काही नाही. 1993 साली स्टॉकहोममध्ये प्रात्यक्षिक चालू असताना ग्रिपेन हे लढाऊ विमान वैमानिक आणि नियंत्रण प्रणाली यांच्या अशाच झटापटीत कोसळलं. वैमानिक सुदैवाने बचावला.

आता एक गंमत. आपल्या ओझरच्या एचएएल कारखान्याची सुरुवात 1964 साली मिग-21 साठी झाली. पुढे तिथे सुखोई-30 एमकेआय बनली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नाशिकच्या लाईनवरचं पहिलं तेजस मार्क-1ए उडालं. सुखोई आणि तेजस ही दोन्ही विमानं मुद्दाम अस्थिर ठेवलेली आहेत, म्हणजे ती चटकन वळतात. त्यांना सावरतो तो फ्लाय-बाय-वायर कॉम्प्युटर. त्यामुळे सिम्युलेटरमध्ये तेजस उतरवून घेतलंत आणि त्यात ही प्रणालीच नसेल, तर ते डुलणारच! तिथे गुरुत्वमध्य पुढे ओढणं म्हणजे तेजसचं तेजसपणच काढून घेणं.

शेवटी एकच सांगतो. मूळ फाईलची कॉपी ठेवा. एका वेळी एकच आकडा, तोही थोडासाच बदला, वहीत लिहा आणि तीच टेस्ट पुन्हा करा. तीन आकडे एकदम बदलून विमान सुधारलं, तर ते कशाने सुधारलं हे कधीच कळत नाही. रूमवर विमान पडलं तर आपण रिसेट दाबतो. उद्या आपल्यापैकी कुणी ओझरच्या हँगरमध्ये उभा असेल, तेव्हा ते बटण नसेल. सवय आत्ताच लावलेली बरी, काय?