दोन जुने, एक नवा

2019 ची दिवाळी पावसात गेली. आमच्याकडे, अहमदपूर आणि लोह्याच्या शिवेवर, सोयाबीन कापून बनीम लावलेली होती. वरून ताडपत्री घातलेली, पण खालून ओल चढत होती. अशात उघडीप मिळाली आणि चुलत्यांचा फोन आला, "यंत्र घेऊन ये बाबा, रास आजच उरकू." माझ्याकडे ट्रॅक्टरवर चालणारं मळणीयंत्र आहे. चारला सुरू केलं आणि सहाच्या सुमारास ड्रमच्या तीन पट्ट्यांपैकी एक तुटला.

तुटला एक, मग आणायचा एक. हिशेब इतका सरळ वाटला की शंकाच आली नाही. मोटारसायकलवर जाऊन तुटका पट्टा दाखवला आणि दुकानात होता त्यातला सगळ्यात स्वस्त घेतला. बसवताना इंजिनाकडची पुली सैल करायचा कंटाळा केला, टॉमी घालून पट्टा खाचेवर चढवला. घसरायला लागला तेव्हा कुणीतरी राळ टाकायला सांगितली, तीही टाकली. साडेदहाला जळक्या रबराचा वास आला. नवा पट्टा तुटून पडला होता आणि जुन्या दोघांतला एक खाचेत उलटा झाला होता. पहाटे पाऊस आला तेव्हा बनीम निम्मी उघडी होती. राहिलेल्या सोयाबीनला मोड आले. चुलते एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या सुगीला मात्र त्यांनी दुसऱ्याचं यंत्र बोलावलं.

लातूरला यंत्र दाखवायला नेलं तेव्हा मिस्त्रीने पट्ट्याकडे पाहिलंही नाही. पुलीच्या खाचेत बोट घातलं आणि म्हणाला, "मालक, तळ चकाकतोय." हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. या पट्ट्याचा आकार पाचरीसारखा असतो. तो खाचेच्या दोन्ही भिंतींना घट्ट धरतो आणि त्या धरण्यावरच ड्रम फिरतो. तळाशी मोकळी जागा हवी. भिंती झिजल्या की पट्टा खाली उतरून तळाला टेकतो, पकड जाते, घसरतो, तापतो आणि जळतो. अशा पुलीवर कितीही भारी पट्टा घाला, दोन राशींत त्याची तीच गत. बरोबर बसलेल्या पट्ट्याची पाठ पुलीच्या काठाला जवळजवळ समतल दिसते.

आणि तो एकटा नवा पट्टा? वापरात जुने पट्टे ताणले जातात. त्यांच्या शेजारी नवा घातला की तो लांबीने कमी पडतो आणि सगळा भार त्या बिचाऱ्यावर येतो. म्हणून तीन असतील तर तिन्ही एकदम बदलायचे, एकाच कंपनीचे, जमल्यास एकाच लॉटचे. काढलेल्यांतले धड असतील ते अडीनडीला ठेवा, पण नव्यात मिसळू नका.

खरेदीला जाताना जुना पट्टा तेवढा दाखवू नका, कारण तो ताणलेला असतो. त्याच्यावरचा नंबर वाचा, पुसला असेल तर यंत्राच्या पुस्तकात बघा. ए, बी, सी ही अक्षरं रुंदी-जाडीची: ए म्हणजे 13 बाय 8 मिलिमीटर, बी 17 बाय 11, सी 22 बाय 14. पुढचा आकडा बहुधा आतल्या बाजूची लांबी, इंचात. बीच्या खाचेत ए घातला तर तो तळाला जाणारच. नामांकित कंपन्यांच्या नावाचे नकली पट्टे मिळतात, म्हणून पक्की पावती घ्या. पावती द्यायला कां कूं करणाऱ्याकडून मी आता नटसुद्धा घेत नाही.

टॉमीने पट्टा चढवला की आतले दोरे तुटतात, बाहेरून काही दिसत नाही. पुली सैल करूनच बसवा. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते दोरी ताणून पाहा. ताणाचा अंदाज असा: दोन पुल्यांत मीटरभर अंतर असेल तर मध्ये दाबल्यावर पट्टा साधारण दीड सेंटिमीटर दबावा. नवा पट्टा पहिल्या काही तासांत सैलावतो, तेव्हा पुन्हा ताण द्यावा लागतो. राळ, साबण, ऑइल यातलं काहीही लावू नका.

पट्टा घसरतोय हे वास येण्याआधीही कळतं. त्या दिवसाच्या आधीच्या दोन राशींत माझ्या यंत्रातून दाण्यात गुळी येत होती. मी चाळणीला दोष देत होतो. खरं तर पंख्याचा पट्टा सैल होता, वारा कमी पडत होता. मोंढ्यात काडीकचऱ्याची कटती शेतकऱ्याच्या पट्टीत जाते, यंत्रवाल्याला ती दिसत नाही. काहीजण मग इंजिनाचा वेग वाढवतात. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, ड्रम जास्त फिरला की दाणा फुटतो, आणि फुटला नाही तरी मार लागलेलं बियाणं पुढच्या जूनमध्ये उगवत नाही.

एक गोष्ट मी त्या रात्री नशिबाने वाचलो म्हणून सांगतो. राळ मी चालत्या पट्ट्यावर टाकली होती, जाळी काढून. गळ्यात उपरणं होतं. मळणीयंत्रांत माणसांचे हात जातात म्हणून 1983 साली संसदेला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला, आणि आपण जाळी काढून बनमीला टेकवून ठेवतो.

सोयाबीनची सुगी सप्टेंबरच्या शेवटी लागते, आणि तेव्हा दुकानात गर्दी असते, हवा तो नंबर संपलेला असतो. पोळा झाला की ट्रॅक्टर बंद करा, किल्ली खिशात घाला, जाळी काढा आणि खाचेत बोट घालून बघा. तळ चकाकत असेल तर आधी पुली बदला, पट्टे नंतर.