राहिलेला नर्सिंगचा पेपर पुन्हा देताना

ए.एन.एम. किंवा जी.एन.एम.चा कोर्स केला, पण एक-दोन विषय राहिले, अशा लेकी-सुना गोरेगावपासून हिंगोलीपर्यंतच्या आपल्या वस्त्यांत आढळतात. मधे लग्न झालं, बाळंतपणं झाली, सात-आठ वर्षं निघून गेली. खाजगी दवाखान्यात काम सिस्टरचं आणि पगार आयाचा, अशी त्यांची गत. आपल्याकडे परवान्याची वेगळी परीक्षा नसते. मंडळाची शेवटची परीक्षा पास झाली की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते आणि ती नोंदणी हाच परवाना. आरोग्यसेविकेच्या किंवा स्टाफ नर्सच्या सरकारी भरतीत ती मागतातच.

अभ्यासाआधी एक काम करा. कोर्स किती वर्षांत पूर्ण व्हावा याला नियमात मुदत असते. आपला बसण्याचा हक्क शाबूत आहे का, हे कॉलेजला आणि मुंबईच्या परीक्षा मंडळाला अर्ज देऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. "पास करून देतो" म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका. लग्नानंतर नाव बदललं असेल तर गुणपत्रिका, आधार आणि विवाह प्रमाणपत्र यांचा मेळ आताच घाला.

आता अभ्यास. आपण नापास झालो तोच पेपर पुन्हा यायचा आहे, असं समजून बहुतेक जणी जुनी वही उघडतात. पण मधल्या काळात उत्तरंच बदलली आहेत. क्षयरोगाची औषधं पूर्वी आठवड्यातून तीनदा द्यायचे. २०१७ पासून देशभर रोजची गोळी आली. तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लसीतून टाइप २ हा घटक एप्रिल २०१६ मध्ये काढला. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ पासून नुसत्या गोवराच्या लसीऐवजी गोवर-रुबेला आली. जानेवारी २०२३ पासून नवव्या महिन्यात इंजेक्शनच्या पोलिओ लसीचा तिसरा डोस आहे. गरोदर बाईला टी.टी.ऐवजी टी.डी. देतात. हृदय बंद पडलेल्या मोठ्या माणसाला आधी श्वास नव्हे, आधी छातीवर दाब: मिनिटाला १०० ते १२०, खोली किमान ५ सेंटिमीटर, ३० दाबांनंतर २ श्वास. हा क्रम २०१० मध्ये बदलला. जुन्या वहीतलं उत्तर तोंडपाठ असलं तरी इथे गुण जातात.

नवं पुस्तक लगेच विकत घेता येत नसेल, तर शेजारच्या तान्ह्या बाळाचं माता-बाल संरक्षण कार्ड मागा. सगळं लसीकरण त्यावर छापलेलं असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडे एक दुपार बसलात तर गाइडच्या दहा पानांपेक्षा जास्त पदरात पडेल.

गणिताला घाबरू नका. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं आहे, सेट २० थेंबांना १ मिलीचा आहे. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, ४ तास म्हणजे २४० मिनिटं, भागाकार ४१.६, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. अशी रोज पाच गणितं महिनाभर करा.

लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के लागतात. दवाखान्यात हात बसलेला असतो, म्हणून प्रात्यक्षिकाकडे दुर्लक्ष होतं. पण गर्दीत लागलेल्या सवयी, म्हणजे हात न धुणं, काय करतोय ते पेशंटला न सांगणं, परीक्षक टिपून घेतो. महावग्गात तथागतांनी आजाऱ्याच्या सेवेकऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. पहिला औषध तयार करता येण्याचा, शेवटचा धीर देणारं बोलता येण्याचा. परीक्षेत दोन्ही बघतात.

"आता या वयात?" असं कुणी म्हणेलच. शिष्यवृत्ती संपल्यामुळे बाबासाहेबांना १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून यावं लागलं. ते १९२० मध्ये परत गेले. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी मान्य केला नाही, तेव्हा तो सुधारून पुन्हा दिला आणि १९२३ मध्ये तो मंजूर झाला.

घरच्यांनी तीन महिने रोज दोन तास तिला मोकळे द्यावेत. एका खोलीच्या घरात टीव्ही चालू असताना अभ्यास होत नाही. संध्याकाळच्या वंदनेनंतर विहारात बसता येतं. तेवढा वेळ लेकरू आजीने किंवा बापाने सांभाळावं.