संगणकातील डिस्क व त्यांचे क्रमांक

शाळेची निकालपत्रके, शिष्यवृत्तीच्या याद्या व विद्यार्थ्यांच्या नोंदी आता संगणकात साठविल्या जातात. ज्या डिस्कवर ही माहिती असते, तिला संगणक कसा ओळखतो हे शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे. ही ओळख चुकल्यास वर्षानुवर्षांच्या नोंदी क्षणात पुसल्या जाण्याचा संभव असतो.

प्रथम अक्षरांचा विचार करू. विंडोज प्रणालीत मुख्य साठ्यास ‘ए’ न म्हणता ‘सी’ का म्हणतात, असे विद्यार्थी विचारतात. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक विक्रीस आणला. त्यात फ्लॉपीचे दोन खण बसविता येत. ‘ए’ व ‘बी’ ही अक्षरे त्यांची. १९८३ साली त्याच कंपनीच्या ‘एक्सटी’ संगणकात १० मेगाबाइटची कायम डिस्क आली व तिच्या वाट्यास ‘सी’ आले. पुढे फ्लॉपी मागे पडली. अक्षरांचा क्रम मात्र टिकून राहिला.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. अक्षर असते ते डिस्कच्या विभागास. एकाच डिस्कचे दोन विभाग केल्यास ‘सी’ व ‘डी’ अशी दोन अक्षरे दिसतात. सबब ‘सी’मधील निकालपत्रकाची प्रत ‘डी’मध्ये ठेविली म्हणजे ती निर्धोक झाली, असे मानू नये. डिस्क बिघडल्यास दोन्ही प्रती एकदमच जातील.

प्रत्यक्ष डिस्कला विंडोज ०, १, २ असे क्रमांक देते. पहिला क्रमांक शून्य असतो. लिनक्स प्रणाली ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे देते. संगणक सुरू होताना डिस्क ज्या क्रमाने आढळतात, त्यावर ही नावे अवलंबून असतात. नवी डिस्क जोडली किंवा तारेची जागा बदलली, तर कालची ‘एसडीए’ आज ‘एसडीबी’ होऊ शकते.

आपल्या शाळेतील उदाहरण घेऊ. हजेरीपटावरील क्रमांक दरवर्षी बदलतो. जनरल रजिस्टरातील क्रमांक मूल शाळा सोडीपर्यंत तोच राहतो. डिस्कचा क्रमांक हा हजेरीपटावरील क्रमांकासारखा आहे. कारखान्यात दिलेला अनुक्रमांक हा जनरल रजिस्टरातील क्रमांकासारखा होय. दाखला देताना आपण ज्या रजिस्टरावर विसंबतो, तोच विवेक येथेही पाळावा.

म्हणून कोणतीही डिस्क पुसण्यापूर्वी तिची क्षमता, बनावट व अनुक्रमांक पडताळून पाहावा. महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती संगणकापासून दूर ठेवावी.

स्वाध्याय
१. आपल्या शाळेच्या संगणकात डिस्क किती व विभाग किती, याचा तक्ता विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा.
२. ‘सी’ व ‘डी’ एकाच डिस्कवर आहेत काय, हे पाहून तक्त्यात नोंदवावे.